बीजारोपण आणि वाढ : आरंभीच्या मराठी मिशनकार्याचा पनवेल परिसराच्या संदर्भात एक विचार

१

मराठी प्रदेशातील प्रॉटेस्टंट मिशनकार्याचा आरंभ इ. स. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकन धर्मोपदेशक मुंबई बंदरात उतरले तेव्हापासून धरण्यात येतो. त्या घटनेपासूनच्या पहिल्या चाळीस वर्षांचा हिशेब केवळ धर्मांतरितांच्या संख्येने मांडावयाचा ठरविल्यास तो अपयशाचाच हिशेब ठरेल. तथापि ही माणसे आपले काम टाकून गेली नाहीत. एक मेला की दुसरा त्याच्या जागी आला, एक ठाणे निष्फळ ठरले की दुसरे उघडले गेले. ह्या चिकाटीच्या मुळाशी कोणती विचारसरणी होती आणि त्या विचारसरणीचा इतिहासकाराने कोणत्या रीतीने उपयोग करावा, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

ही विचारसरणी पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात एका शेतीच्या रूपकातून आलेली आहे. रोप लावणे आणि त्यास पाणी घालणे एवढेच सेवकाच्या हाती असून वाढ ही सर्वस्वी ईश्वराची कृती आहे, असा त्या रूपकाचा आशय. आपल्याकडील वाचकास येथे गीतेतील निष्काम कर्माची आठवण होणे साहजिक आहे. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. गीतेचा कर्मयोगी फलाची आसक्तीच सोडतो. पौलाचा सेवक फलाची आशा सोडीत नाही, फक्त ते फल आपल्या कर्तृत्वाच्या खात्यावर मांडीत नाही. फलाची आशा धरून फलाविना वर्षानुवर्षे राबणे, ही त्यामुळे अधिक ताण देणारी अवस्था होय. मराठी मिशनच्या आरंभकाळातील माणसे ह्याच अवस्थेत जगली.

ह्या विचारास पनवेल परिसराचा आधार घेण्याचे कारण असे की, मिशनऱ्यांच्या श्रमांचे एक अत्यंत अनपेक्षित फल ह्याच परिसरात दृष्टीस पडते. पनवेलच्या खाडीकाठचे कामोठे हे गाव आज नवी मुंबईच्या वसाहतींपैकी एक म्हणून ओळखले जाते. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, त्यानंतर ह्या गावांचे रूप पालटले, आणि २०१६ पासून कामोठे पनवेल महानगरपालिकेत समाविष्ट आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात हा सारा टापू भातखाचरांचा, मिठागरांचा आणि मचव्यांचा होता. मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी मचव्यातून पनवेल बंदरास उतरे आणि तेथून बोरघाटाची वाट धरी. बिशप हेबर १८२५ मध्ये ह्याच वाटेने पुण्यास गेला. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि देशावर जाणाऱ्या-येणाऱ्या सर्वांना, त्यांत मिशनरीही आले, पनवेल हे उंबरठ्यासारखे झाले.

२

प्रथम ह्या श्रमांचे स्वरूप पाहू. हॉल आणि नॉट ह्यांस मुंबईत राहण्याची परवानगीच नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीचे धोरण त्या वेळी मिशनऱ्यांस प्रतिकूल होते. कलकत्त्याहून त्यांच्या हद्दपारीचे हुकूम सुटले होते. १८१३ च्या उत्तरार्धात ते दोघे गुप्तपणे कोचीनपर्यंत गेले आणि तेथून परत आणले गेले. गव्हर्नर सर इव्हान नेपिअन ह्याची वैयक्तिक सहानुभूती, हॉलने त्यास लिहिलेली निर्भीड पत्रे आणि त्याच वर्षी पार्लमेंटने मंजूर केलेला सनदी कायदा ह्यांच्या योगाने अखेर त्यांचा मुक्काम कायम झाला.

पुढील काळ मृत्यूंचा आहे. सॅम्युएल न्यूएल १८१४ मध्ये येऊन मिळाला. त्याची तरुण पत्नी हॅरिएट १८१२ मध्येच मॉरिशस बेटावर वारली होती. नॉट प्रकृतीच्या कारणाने १८१५ मध्ये परतला. न्यूएल १८२१ मध्ये पटकीने मुंबईत वारला. हॉलने १८२५ मध्ये पत्नीमुलांस स्वदेशी रवाना केले, पण स्वतः मागे राहिला आणि १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडील प्रवासात पटकीनेच मृत्यू पावला. तेरा वर्षांच्या सेवेनंतर त्याच्या मागे उरले ते काय? मराठी शाळा, १८१७ पासून चालू झालेला छापखाना, आणि त्याच १८२६ साली छापून पूर्ण झालेला मराठी नवा करार. पहिला बाप्तिस्मा १८१९ मध्ये झाला होता, पण तो हैदराबादच्या एका मुसलमान गृहस्थाचा. ज्या मराठी लोकांसाठी हा सारा उद्योग होता, त्यांच्यामधून स्थिर अशी मंडळी हॉलच्या हयातीत उभी राहिली नाही.

कोकणातील स्कॉटिश मिशनची कथा अशीच आहे. १८२३ मध्ये डोनाल्ड मिचेल हा बाणकोटास आला आणि त्याच वर्षी वारला. त्याच्या मागून जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन कूपर, जॉन स्टीव्हन्सन, रॉबर्ट नेस्बिट ही मंडळी बाणकोट व हर्णै येथे राहिली. त्यांनी खेडोपाडी शाळा चालविल्या, मराठी आत्मसात केली. पण धर्मांतरे जवळजवळ झालीच नाहीत. पुढे ही ठाणी सोडून मिशनने आपले बळ पुणे व मुंबई येथे नेले. १८२९ मध्ये आलेला डॉ. जॉन विल्सन हाही आरंभी मराठी शिकण्यासाठी हर्णैस राहिला होता. म्हणजे कोकणातील ठाणे ‘अयशस्वी’ म्हणून बंद झाले खरे, पण मुंबईतील शेहेचाळीस वर्षांच्या एका मोठ्या कार्याची भाषिक तयारी तेथे झाली.

३

आता आकड्यांचा प्रश्न. मिशनच्या वार्षिक वृत्तांतांत शाळा, विद्यार्थी, छापलेली पाने आणि मंडळीचे सभासद असे रकाने असत. पहिले तीन रकाने झपाट्याने भरत. चौथा जवळपास रिकामा राही. ह्या विसंगतीमागे एक व्यावहारिक कारण होते, ते ध्यानात घेतले पाहिजे. शाळा आणि बाप्तिस्मा ही एकमेकांस पोषक साधने आहेत असे मिशनरी मानीत. प्रत्यक्षात ती बहुधा परस्परविरोधी ठरत. विल्सनने १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी ह्या पारशी तरुणांस बाप्तिस्मा दिला, तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि त्याच्या शाळेतील विद्यार्थ्यांची संख्या एकदम खालावली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रीच्या बाप्तिस्म्यानंतर त्याचा धाकटा भाऊ श्रीपत ह्याच्या ताब्यावरून मोठा वाद उपस्थित झाला. श्रीपतास परत जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी केलेला प्रयत्न सर्वश्रुत आहे. एका माणसाची ‘वाढ’ शेकडो विद्यार्थ्यांच्या गळतीने विकत घ्यावी लागे. अशा स्थितीत केवळ संख्येवर दृष्टी ठेवणाऱ्याने एक तर शाळा बंद केल्या असत्या, नाहीतर बाप्तिस्मे देणे थांबविले असते. मिशनऱ्यांनी दोन्ही चालू ठेवले. ह्या निर्णयाचा उलगडा हिशेबी शहाणपणाने होत नाही. तो त्यांच्या श्रद्धेतच शोधावा लागतो.

ह्या कामाची किंमत कोणी मोजली हेही पाहिले पाहिजे. मिशनऱ्यांचे वेतन बोस्टन अथवा एडिंबरो येथून येई. त्यांचा समाज त्यांच्या पाठीशी उभा होता. नवख्रिस्ती माणसाची स्थिती निराळी. बाबाजी रघुनाथ हा ब्राह्मण १८३१ मध्ये ख्रिस्ती झाला, हॉलिस रीडबरोबर अहमदनगरास कामास लागला आणि १८३३ मध्ये पटकीने वारला. त्याने तोडलेले आप्तसंबंध कोणत्याही वृत्तांताच्या रकान्यात बसण्यासारखे नव्हते. हरि रामचंद्र खिस्ती ह्यांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगरच्या मंडळीचे पाळक म्हणून ते काम करू लागले. एतद्देशीय सेवकांची ही चिकाटी विदेशी मिशनऱ्यांच्या चिकाटीहून अधिक कसोटीची होती. कारण परतीच्या जहाजाचा मार्ग त्यांना मोकळा नव्हता. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासलेखनात ह्या बाजूस अद्याप पुरेसा न्याय मिळालेला नाही.

४

वाढ ईश्वराची, असे मानणारा मनुष्य आपल्या पद्धतीची चिकित्सा करण्याचे टाळतो, असा एक आक्षेप घेण्यात येतो. फल आले तर ती कृपा, न आले तर ती परीक्षा. अशा विचारास कोणताच पुरावा खोटे ठरवू शकत नाही. आक्षेप तर्कदृष्ट्या योग्य आहे. पण इतिहासात काय घडले ते तपासले असता चित्र संमिश्र दिसते.

साधनांच्या बाबतीत मिशनने पुष्कळ फेरबदल केले. बाजारातील प्रवचने, मराठी शाळा, मुलींच्या शाळा, इंग्रजी शाळा, छापखाना, १८४२ मध्ये अहमदनगरास सुरू केलेले ‘ज्ञानोदय’ नियतकालिक, असे एकामागून एक उपाय योजिले गेले. १८५४-५५ मध्ये अमेरिकन बोर्डाचा कार्यवाह रूफस अँडरसन ऑगस्टस थॉम्प्सनसह तपासणीस आला. इंग्रजी शाळांवरील शक्ती काढून ती मराठीतील उपदेशाकडे, खेड्यांतील लहान मंडळ्यांकडे आणि एतद्देशीय पाळकांकडे वळवावी, असा त्याचा आग्रह होता. खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक ह्यांस पाळकपदाची दीक्षा त्याच सुमारास मिळाली. बोस्टनच्या कचेरीने फलाचा हिशेब मागितला होता, हे उघड आहे. तेव्हा श्रद्धा आणि हिशेब ही एकाच संस्थेत शेजारी नांदत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु ज्या भूमीत बीज पेरावयाचे तिच्याविषयीची कल्पना मात्र बराच काळ बदलली नाही. विद्येचे व प्रतिष्ठेचे स्वामी असलेले ब्राह्मण प्रथम येतील आणि त्यांच्या मागून इतर समाज येईल, अशी आशा आरंभीच्या पिढीस होती. प्रत्यक्ष वाढ झाली ती निराळ्याच बाजूने. १८५५ नंतर अहमदनगरच्या उत्तरेकडील गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातील गावांत, वडाळे, राहुरी ह्या भागांत, मुख्यत्वे महार समाजातून लोक मंडळीत येऊ लागले. ह्या प्रवाहाची कारणे इतिहासकारास दिसू शकतात. महार समाजातील आप्तसंबंध गावोगाव पसरलेले होते. एका घराचा निर्णय सोयऱ्यांच्या घरी पोहोचे. शाळा आणि शिक्षक ह्यांमुळे गावगाड्याच्या चौकटीबाहेर पाऊल टाकण्याची वाट दिसली. १८६० नंतरच्या दशकात कृष्णराव सांगळे आदींनी ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पाडला आणि उपदेशास मराठी मातीतील रूप मिळाले. ह्यांतील पहिले कारण तर कोणत्याही मिशनरी योजनेत नव्हते. लावणाऱ्याने एका वाफ्यात रोप लावावे आणि ते दुसऱ्याच वाफ्यात उगवावे, असा हा प्रकार झाला.

पुढे १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर संख्या वाढल्या, तेव्हा प्रश्न उलट दिशेने उभा राहिला. अन्नाच्या आशेने आलेल्या माणसाची गणना वाढीत करावी काय? टीकाकारांनी हा प्रश्न विचारलाच, पण मिशनऱ्यांमध्येही त्याची चर्चा झाली. ज्यांनी रिकाम्या रकान्यावरून आपले मूल्यमापन करू दिले नव्हते, त्यांना भरलेल्या रकान्यावरूनही ते करू देता येत नव्हते. तत्त्वाची खरी कसोटी अपयशात लागते तितकीच यशातही लागते, हे ह्यावरून दिसून येते.

५

आता पनवेलकडे वळू. कुलाबा जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा ह्या भागांत, बेने इस्राएल समाज शतकानुशतके वस्ती करून होता. मराठी बोलणारा, तेलाचा घाणा चालविणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा म्हणून ‘शनिवार तेली’ ह्या नावाने तो ओळखला जाई. शब्बाथ, सुंता आणि काही व्रते त्याने सांभाळली होती. परंतु हिब्रू ग्रंथांशी त्याचा संबंध जवळजवळ तुटलेला होता. जुन्या कराराची प्रजा येथे मराठी भाषकांत नांदते आहे, हे पाहून मिशनऱ्यांस विशेष आशा वाटली. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले आली, त्याच समाजातील तरुण त्या शाळांत शिक्षक झाले. विल्सनने तर हिब्रू शिकविण्यास प्रारंभ केला आणि १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे प्राथमिक व्याकरण प्रसिद्ध केले.

ह्या श्रमांचे फल काय? धर्मांतरे तुरळकच झाली. उलटपक्षी, जुन्या कराराचे मराठी भाषांतर वाचून आणि हिब्रू शिकून ह्या समाजास आपल्याच पूर्वजांचा धर्म नव्याने उमगला. कोचीनच्या यहुद्यांकडून आलेले मार्गदर्शन आणि पुढे बगदादी यहुद्यांचा सहवास ह्यांचाही त्यात वाटा होता. सर्व श्रेय मिशनला देणे बरोबर होणार नाही. तथापि साक्षरतेचा आणि ग्रंथपरिचयाचा पाया मिशनच्या शाळांत घातला गेला, हे निर्विवाद आहे. विल्सनच्या संस्थेत शिकलेले जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) ह्यांनी यहुदी प्रार्थनाग्रंथ हिब्रूतून मराठीत आणले आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणूनही काम केले. हाईम सॅम्युएल केहीमकर ह्यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या व १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात मिशनऱ्यांच्या शैक्षणिक उपकाराचा मोकळ्या मनाने उल्लेख केला आहे.

कामोठ्यापासून थोड्याच अंतरावर पनवेल शहरात बेथ एल नावाचे सिनेगॉग आहे; त्याची स्थापना १८४९ ची. ज्या दशकांत मिशनऱ्यांनी ह्या समाजावर सर्वाधिक आशा ठेवली, त्याच दशकांच्या अखेरीस ही वास्तू उभी राहिली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. ह्या वास्तूस मिशनच्या वृत्तांतात स्थान मिळणे शक्यच नव्हते. पण ज्या समाजाच्या पुनर्जागृतीची ती खूण आहे, त्या समाजाच्या शिक्षणात मिशनने खर्च केलेली वर्षे जमेस धरावीच लागतात.

६

असे पीक केवळ पनवेलात आले असे नाही. दोन उदाहरणे पुरेशी आहेत. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले गणपत कृष्णाजी ह्यांनी १८३१ च्या सुमारास स्वतःचा छापखाना काढला आणि पुढे मराठी पंचांग छापून ते घरोघर पोहोचविले. त्याच छापखान्यात लहानपणी कामास लागलेले जावजी दादाजी ह्यांनी निर्णयसागराची उभारणी केली. संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध व सुबक आवृत्त्यांसाठी त्या छापखान्याची कीर्ती देशभर पसरली. ख्रिस्ती पुस्तिकांसाठी आणलेल्या यंत्रांवर शिकलेल्या हातांनी पंचांगे आणि शास्त्रग्रंथ छापावे, हे हॉलच्या स्वप्नातही आले नसते.

दुसरे उदाहरण सिंथिया फेरार हिचे. १८२७ च्या अखेरीस मुंबईस आलेली ही अविवाहित शिक्षिका चौतीस वर्षे मुलींच्या शाळा चालवीत राहिली आणि १८६२ मध्ये अहमदनगरास वारली. तिच्या अहमदनगरच्या शाळेचे काम जोतीराव फुले ह्यांनी पाहिले होते, आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींसाठी जी शाळा काढली तिची प्रेरणा ह्या भेटीत होती, हे मान्य झालेले आहे. स्वतः जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. ते ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनच्या चौथ्या रकान्यात त्यांचे नाव नाही. परंतु महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातून फेरारचे नाव वगळता येत नाही.

ह्या उदाहरणांवरून मिशनच्या कार्याचे छुपे समर्थन करावे असा हेतू नाही. मिशनऱ्यांना हे फल अभिप्रेत नव्हते, आणि काही बाबतींत ते त्यांच्या उद्दिष्टाच्या नेमके उलट होते. स्थानिक धर्मांवरील त्यांची टीका अनेकदा अज्ञानमूलक आणि कठोर होती. विष्णुबोवा ब्रह्मचारी ह्यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी त्यांच्याशी जाहीर वाद केला, तो त्या कठोरतेचे उत्तर होता. शिवाय, विदेशी पैशावर चाललेल्या सेवेने एतद्देशीय मंडळी परावलंबी झाली, ही तक्रार मंडळीच्या आतूनच पुढे आली. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक ह्यांनी १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीचा त्याग करून ‘देवाचा दरबार’ स्थापन करण्याचा संकल्प केला. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते वारले. त्यांच्या प्रयत्नाचे बाह्य फल अल्प दिसते. पण येशूची भक्ती मराठी संतपरंपरेच्या भाषेत करता येते हा विश्वास त्यांनी मंडळीस दिला आणि तो आजही तिच्या गायनात टिकून आहे.

७

निष्कर्ष थोडक्यात मांडतो. पहिला असा की, ‘वाढ ईश्वराची’ हा विचार इतिहासकाराने कारण म्हणून स्वीकारू नये. परंतु त्या काळच्या माणसांच्या निर्णयांचा हेतू म्हणून तो दृष्टीआड करू नये. अहमदनगरच्या खेड्यांतील वाढीची कारणे सामाजिक होती. पण ती वाढ होईपर्यंत मराठी मिशनमध्ये चाळीस वर्षे माणसे टिकून राहिली, ह्याचे कारण सामाजिक नव्हते.

दुसरा असा की, ह्या विचाराने पद्धतीची चिकित्सा थांबविली नाही, मात्र फल कोणत्या समाजातून येईल ह्याविषयीचा पूर्वग्रह त्याने पुष्कळ काळ झाकून ठेवला. फल आपल्या हाती नाही असे म्हणणाऱ्यानेच ते कोणत्या झाडास यावे हे मनाशी ठरवून ठेवले होते. तत्त्व आणि आचरण ह्यांतील ही तफावत नोंदविणे आवश्यक आहे.

तिसरा निष्कर्ष संशोधनपद्धतीविषयी आहे. मिशनच्या इतिहासाची साधने मिशनच्याच दप्तरातून घेतली की प्रश्नही त्या दप्तराचेच राहतात: किती आले, किती गेले. पनवेलच्या सिनेगॉगचे, निर्णयसागरच्या खिळ्यांचे किंवा पुण्याच्या मुलींच्या शाळेचे स्थान त्या दप्तरात शोधून सापडणार नाही. ह्यासाठी यहुदी प्रार्थनाग्रंथांच्या मराठी भाषांतरांच्या प्रस्तावना, छापखान्यांचे इतिहास, खेड्यांतील मंडळ्यांची कीर्तने आणि पनवेल, पेण, अलिबाग येथील स्थानिक परंपरा ही साधने एकत्र ठेवून वाचावी लागतील. खाडीकाठची जुनी गावे वसाहतींत विरत असल्याने ह्यांपैकी स्थानिक परंपरांची नोंद करण्यास अवधी थोडा आहे. तरुण संशोधकांनी हे काम हाती घ्यावे. ते चिकाटीचे आहे, आणि त्याचे फल कोणत्या वाफ्यात उगवेल हे आरंभीच सांगता येण्यासारखे नाही.